‘सहकार’, ‘सहकार्य’ आणि ‘सहयोग’ : अर्थांतील फरक कोणता आणि कोठे कोणता शब्द वापरावा?

प्रश्न (विचारणारी : भाषांतरकार)

शिक्षक-प्रशिक्षणासाठी तयार केलेल्या एका पुस्तिकेचे मराठी भाषांतर मी करीत आहे. मूळ मजकुरात ‘कोऑपरेशन’, ‘कोलॅबरेशन’ आणि ‘कोऑर्डिनेशन’ हे तीन शब्द वारंवार येतात आणि पहिल्या दोहोंत लेखकांनी जाणीवपूर्वक भेद केलेला आहे. गटातील विद्यार्थ्यांनी कामाचे भाग पाडून घेतले, प्रत्येकाने आपापला भाग पूर्ण केला आणि अखेरीस ते भाग एकत्र जोडले, तर त्यासाठी ते पहिला शब्द वापरतात. सर्वांनी एकाच प्रश्नावर एकत्र विचार केला, एकमेकांच्या मांडणीत बदल सुचवले आणि शेवटी कोणता भाग कोणाचा हे सांगता येऊ नये इतके ते काम सर्वांचे झाले, तर दुसरा.

शब्दकोश उघडला की दोन्ही शब्दांसमोर ‘सहकार’, ‘सहकार्य’ आणि ‘सहयोग’ हेच तीन पर्याय, केवळ क्रम बदलून, समोर येतात. त्यामुळे मूळ प्रश्न भाषांतराचा असला तरी मला आधी मराठीपुरतेच समजून घ्यायचे आहे. हे तीन शब्द आपण एकमेकांऐवजी सर्रास वापरत असलो, तरी त्यांच्यात मराठी वाचकाला जाणवणारा काही अर्थभेद आहे का? ‘सहकार केला’ आणि ‘सहकार्य केले’ यांपैकी एक प्रयोग अशुद्ध मानावा का? आणि ‘सहकारी’ हा शब्द सोबत काम करणाऱ्या माणसासाठी वापरावा की संस्थेचे विशेषण म्हणून, की दोन्हीसाठी? उत्तरांत शक्यतो प्रत्यक्ष वापरातील उदाहरणे असावीत, ही विनंती.

उत्तर (व्याकरणाचा अभ्यासक)

शब्दांच्या घडणीकडे पाहिले तर तिन्हींत ‘सह’ म्हणजे ‘सोबत’ हा अंश समान आहे. ‘सहकार’मध्ये ‘कृ’ म्हणजे करणे या धातूपासून झालेला ‘कार’ आहे, जसा तो ‘उपकार’ किंवा ‘प्रतिकार’ यांत आहे. ‘सहकार्य’मध्ये त्याच धातूपासून आलेले ‘कार्य’ आहे. आणि ‘सहयोग’मध्ये ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आलेला ‘योग’ आहे. ‘सहकार’ आणि ‘सहयोग’ पुल्लिंगी, तर ‘सहकार्य’ नपुंसकलिंगी आहे. ‘त्यांची सहकार्य मिळाली’ असा प्रयोग अलीकडे कानावर येतो, तो मात्र कोणत्याही हिशेबाने बरोबर नाही.

संस्कृत साहित्यात ‘सहकार’ हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा आंब्याच्या झाडाच्या रूपात. अमरकोशाने अतिशय सुगंधी आंब्याला ‘सहकार’ म्हटले आहे आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकात वनज्योत्स्ना नावाची नवमालिकेची वेल ज्याची स्वयंवरवधू म्हणून वर्णिली आहे, तो सहकार म्हणजे आम्रवृक्षच होय. आपल्या प्रश्नाशी या अर्थाचा संबंध नाही. परंतु जुने काव्य वाचताना हा शब्द आला की वाचक अडखळतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

आपल्या विषयाला जवळचा आहे तो न्यायशास्त्रातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, ‘सहकारी कारण’ हा प्रयोग. अंकुर निर्माण होण्यास बीज हे मुख्य कारण, तर माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे. ती नसतील तर अंकुर फुटत नाही, तरीही अंकुर मातीचा किंवा पाण्याचा मानला जात नाही, तो बीजाचाच. ‘सहकार्य’ या शब्दाच्या आजच्या मराठी वापरात नेमकी हीच छटा शिल्लक आहे, असे मला वाटते. ‘रहदारी सुरळीत राहण्यासाठी नागरिकांनी पोलिसांना सहकार्य करावे’, ‘या ग्रंथाच्या सिद्धतेत अनेकांचे सहकार्य लाभले’, ‘रुग्णाने सहकार्य केल्यामुळे तपासणी लवकर झाली’, ही वाक्ये पाहा. प्रत्येक ठिकाणी काम मूलतः एकाचे आहे आणि दुसरा त्याला अडथळा न आणता साथ देतो आहे. काम कोणाचे आहे, हा प्रश्न वाक्याला विचारावा. उत्तर एकाच पक्षाचे नाव घेत असेल तर ‘सहकार्य’ चपखल बसते.

‘सहकार’ या शब्दात मालकी सामायिक असते. सहकार हे तत्त्व आहे, व्यवस्था आहे, आणि मराठीत तरी तो शब्द त्या अर्थाने इतका रुळला आहे की ‘ते सहकारात आहेत’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला त्या माणसाचे कार्यक्षेत्र समजते. ‘ते सहकार्यात आहेत’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. जुन्या लेखनात ‘सहकार दिला’, ‘सहकार केला’ असे प्रयोग मदतीच्या अर्थानेही आढळतात आणि त्यांना अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही. आज ते जुनाट वाटतात, इतकेच.

उत्तर (सहकार खात्यात नोकरी केलेला)

वरील उत्तरातील ‘सहकार’विषयीच्या परिच्छेदाला थोडी पुस्ती जोडतो, कारण या शब्दाचा आजचा अर्थ घडवण्यात कोशांपेक्षा कायद्याचा वाटा मोठा आहे.

ब्रिटिश सरकारने १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, तो मुख्यतः कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही नोंदणीची वाट मोकळी झाली. मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा १९२५ चा आणि आज लागू असलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. या प्रवासात ‘सहकारी’ हे विशेषण वर्णनापुरते न राहता कायदेशीर दर्जा दाखवणारे झाले. पाच माणसे एकत्र येऊन कितीही एकदिलाने काम करीत असली, तरी नोंदणी झाल्याशिवाय त्यांच्या मंडळीला सहकारी संस्था म्हणता येत नाही. नोंदणी नसताना व्यवसायाच्या नावात हा शब्द किंवा त्याचा कोणत्याही भारतीय भाषेतील प्रतिशब्द वापरण्यास अधिनियमानेच मनाई केली आहे. एखाद्या सामान्य शब्दाच्या वापरावर कायद्याने असे कुंपण घातल्याची उदाहरणे फार नसावीत.

म्हणूनच आमच्याकडच्या कागदपत्रांत हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले असत. ‘सहकार विभाग’, ‘सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था’, ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ यांत ‘सहकार्य’ कोठेही येत नाही. ते येते ते पत्राच्या शेवटी : ‘लेखापरीक्षणाच्या कामी आपले सहकार्य अपेक्षित आहे.’ या वाक्यात ‘आपला सहकार अपेक्षित आहे’ असे लिहिले असते, तर वरिष्ठांनी ते नक्की खोडले असते.

‘सहयोगी’चाही असाच एक ठरीव वापर आहे. गृहनिर्माण संस्थेत मूळ सभासदाबरोबर ज्याचे नाव असते, परंतु भागपत्रावर पहिले नसते, तो ‘सहयोगी सभासद’. विद्यापीठांत ‘सहयोगी प्राध्यापक’ आणि ‘सहायक प्राध्यापक’ ही दोन वेगळी पदे आहेत आणि त्यांतले पहिले वरचे आहे. म्हणजे ‘सहयोगी’ हा मदतनिसापेक्षा वरचा, पण पूर्ण हक्काच्या माणसापेक्षा किंचित बाजूला असलेला, असे या शब्दाचे स्थान दिसते.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी एका गोष्टीचे भान ठेवावे. केंद्रात २०२१ साली जे स्वतंत्र मंत्रालय झाले त्याचे हिंदी नाव ‘सहकारिता मंत्रालय’ असे आहे. मराठीत ‘सहकारिता’ हा शब्द घेण्याची काहीच गरज नाही, ‘सहकार मंत्रालय’ पुरेसे आहे. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० साली सुरू झाला त्याच्याही आधीपासून मराठी माणूस या सर्व व्यवहाराला ‘सहकार’ याच नावाने ओळखतो. त्याने या शब्दाला आदरही दिला आणि टोचणीही : ‘सहकारमहर्षी’ ही पदवी मानाची, तर ‘सहकारसम्राट’ हा शब्द वर्तमानपत्रांत क्वचितच कौतुकाने छापला जातो.

उत्तर (एक असहमत वाचक)

‘सहकार म्हणजे व्यवस्था आणि सहकार्य म्हणजे दुसऱ्याच्या कामाला साथ’ ही विभागणी ऐकायला नेटकी आहे. परंतु मराठीतील दोन ठळक उदाहरणे तिच्यात बसत नाहीत.

पहिले उदाहरण ‘असहकार’ या शब्दाचे. काँग्रेसच्या कलकत्ता येथील विशेष अधिवेशनात सप्टेंबर १९२० मध्ये जो ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनाने ज्यावर शिक्कामोर्तब केले, त्या चळवळीला मराठीत ‘असहकार चळवळ’ म्हणतात, हिंदीत ‘असहयोग आंदोलन’. येथे नाकारलेला ‘सहकार’ कोणत्याही संस्थेचा अथवा सामायिक मालकीचा नाही. राज्य इंग्रजांचे, आणि त्यांच्या शाळा, न्यायालये, पदव्या यांना आपण देत असलेली साथ काढून घ्यायची, असा तो विचार होता. वरच्या नियमानुसार त्याला ‘असहकार्य’ म्हणायला हवे होते. तसे कोणी म्हटले नाही, आणि आजही कोणी म्हणत नाही. कर्मचाऱ्यांनी ‘असहकार आंदोलन’ पुकारले, असेच आपण वाचतो.

दुसरे उदाहरण सार्कचे. १९८५ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे मराठी नाव ‘दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना’ असे आहे. तेथे काम एका देशाचे आणि बाकीचे मदतीला, असे नाही. निदान कागदावर तरी सर्व सदस्य समान आहेत.

माझ्या मते फरक शब्दापेक्षा त्याच्या आधी येणाऱ्या प्रत्ययात अधिक आहे. ‘त्याने मला सहकार्य केले’ म्हटले की काम माझे होते, त्याने हात दिला. ‘त्याने माझ्याशी सहकार्य केले’ म्हटले की दोघे समोरासमोर उभे आहेत, प्रत्येकाचे काही हितसंबंध आहेत आणि त्यांनी जुळवून घेतले आहे. ‘दोन्ही देशांमध्ये सहकार्य वाढले’ म्हटले की बाजू पूर्णपणे समान होतात. ‘-ला’, ‘-शी’ आणि ‘-मध्ये’ या तीन रूपांनी एकच शब्द तीन वेगवेगळी नाती दाखवू शकतो, ही मराठीची सोय आहे आणि भाषांतरकाराने ती वापरावी. वर्तमानपत्री भाषेत मात्र सगळीकडे ‘-ला’ लावण्याची सवय झाली आहे, त्यामुळे ‘पालकांनी शाळेला सहकार्य करावे’ असे छापले जाते आणि मुलांचे शिक्षण हे जणू एकट्या शाळेचेच काम आहे, असा अर्थ नकळत निघतो. ‘पालकांनी आणि शाळेने परस्परांशी सहकार्य करावे’ या वाक्याला दोन-तीन शब्द अधिक लागतात, पण ते खरे आहे.

उत्तर (व्याकरणाचा अभ्यासक)

‘असहकार’चा मुद्दा योग्य आहे. तो शब्द रूढ झाला तेव्हा ‘सहकार’चा व्यापक अर्थ अधिक प्रचलित होता आणि चळवळीमुळे तो त्या रूपात कायमचा गोठला, असे म्हणता येईल. मूळ शब्दाचा अर्थ आकुंचित झाला तरी नकारार्थी शब्दाचा अर्थ जुनाच राहिला. प्रत्ययांविषयीचे निरीक्षण मला माझ्या नियमापेक्षा अधिक उपयोगी वाटते.

उत्तर (गावाकडच्या शब्दांत रस असलेला)

चर्चेतील सर्व शब्द तत्सम आहेत आणि सगळे छापील मराठीतले आहेत. शेतीच्या व्यवहारात मात्र एकत्र काम करण्याच्या वेगवेगळ्या रीतींना वेगवेगळी नावे होती, आणि प्रश्नकर्तीला हवा असलेला काटेकोरपणा त्या नावांत अधिक आहे.

‘सावड’ म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे. आज तुम्ही माझ्याकडे लावणीला आलात, तर उद्या मी तुमच्याकडे येणार. पैशाचा व्यवहार नाही, पण दिवसांचा हिशेब मनात पक्का असतो आणि तो चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. ‘इर्जिक’, काही भागांत ‘इरजिक’, यात गावातले अनेक जण आपापली अवजारे आणि बैल घेऊन एका शेतकऱ्याचे काम एका दिवसात उरकतात आणि तो शेतकरी त्या सर्वांना जेवण देतो. तेथे दिवसाची फेड दिवसाने होईलच असे नाही. एका शब्दात परतफेडीचा करार आहे, दुसऱ्यात एका दिवसापुरता जमाव आणि त्याचा मान आहे. ‘सहकार्य’ हा एकच शब्द दोन्हींवर पांघरला की हा भेद नाहीसा होतो. (‘सावड’ या नामाची ‘रक्षा सावडणे’ यातील क्रियापदाशी गल्लत करू नये. शहरातील वाचक ती करतात आणि मग हा शब्द अशुभ समजून टाळतात.)

‘हातभार’ हा शब्दही विसरू नये. हातभार नेहमी अंशतः असतो, ‘संपूर्ण हातभार लावला’ असे आपण म्हणत नाही. ज्यांना आभाराच्या यादीत ‘मोलाचे सहकार्य’ लिहून लिहून कंटाळा आला असेल, त्यांनी हा शब्द वापरून पाहावा. तो प्रामाणिक आहे.

आणखी एक बाजू. एकत्र येऊन वाईट काम करण्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत : ‘संगनमत’ आणि ‘साटेलोटे’. ‘आरोपींनी आपसांत संगनमत करून फसवणूक केली’ या फिर्यादीतील ठरलेल्या वाक्यात ‘सहकार्य करून’ घातले तर हसू येईल. संगनमतात उद्देश लपवलेला असतो. साट्यालोट्यात देवाणघेवाण असते, तू माझे झाक, मी तुझे झाकतो. फ्रेंच भाषेला ही सोय एका सरळ शब्दाचा बळी देऊन करावी लागली. १९४० च्या ऑक्टोबरात फ्रान्सचे तेव्हाचे शासनप्रमुख मार्शल पेतां यांनी जर्मनीबरोबर ‘कोलाबोरासियाँ’चा मार्ग स्वीकारल्याचे देशाला सांगितले आणि तेव्हापासून तेथे या शब्दाला शत्रूशी हातमिळवणीचा वास चिकटून राहिला. मराठीतील ‘सहकार्य’ मात्र आजवर निष्कलंक आहे, हे या दोन बदनाम शब्दांचे उपकार.

उत्तर (अध्यापक विद्यालयात शिकवणारी)

प्रश्न शिक्षणाच्या पुस्तिकेविषयी आहे, म्हणून त्या क्षेत्रातली स्थिती सांगते. आमच्याकडील पाठ्यपुस्तकांत ‘सहकारी अध्ययन’, ‘सहकार्यात्मक अध्ययन’ आणि ‘सहयोगी अध्ययन’ हे तिन्ही शब्द आढळतात, आणि कोणता शब्द कोणत्या संकल्पनेसाठी आहे याबाबत पुस्तकापुस्तकांत एकवाक्यता नाही. ‘सहकारी अध्ययन’ हा पर्याय मी वर्गात टाळते. वर सांगितल्याप्रमाणे ‘सहकारी’ला मराठीत संस्थेचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की विद्यार्थी-शिक्षकांना हा अभ्यास पतपेढीने चालवलेला असावा असे क्षणभर वाटते.

मूळ भेदाविषयीही थोडे सांगावे लागेल. भाग पाडून केलेले काम आणि खांद्याला खांदा लावून केलेला एकत्र विचार, असा फरक रॉशेल आणि टीझली या संशोधकांनी १९९५ साली मांडला आणि तो पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. परंतु सर्वच लेखक तो पाळत नाहीत. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे संशोधक बंधू ज्याला ‘कोऑपरेशन’ म्हणतात, त्यात केवळ कामाची वाटणी नाही. गटातील एकाचे यश दुसऱ्याच्या यशावर अवलंबून असणे, ज्याला ते सकारात्मक परस्परावलंबन म्हणतात, ही त्यांची मुख्य अट आहे, आणि त्याबरोबर प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारीही. एलियट ॲरनसन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे सुरू केलेली ‘जिगसॉ’ पद्धत पाहा. पाठाचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळतो, म्हणजे वाटणी आहेच. परंतु प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना शिकवल्याशिवाय कोणालाच पूर्ण पाठ समजत नाही. तिला निव्वळ वाटणी म्हणणे अन्यायाचे होईल.

यावरून माझी सूचना अशी की केवळ शब्दाच्या निवडीवर विसंबू नये. पहिल्यांदा संज्ञा येईल तेथे एका पूर्ण वाक्यात तिची व्याख्या द्यावी आणि नंतर ती संज्ञा पुस्तिकेत कोठेही बदलू नये. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण ‘सहकार्य’ लिहून पुढच्या ओळीत ‘सहयोग’ लिहितो. पारिभाषिक लेखनात तीच सवय घातक ठरते, कारण शब्द बदलला की वाचक संकल्पना बदलली असे समजतो.

प्रश्नकर्तीचे पुन्हा लेखन

या उत्तरांवरून पुस्तिकेपुरता मी असा निर्णय घेतला आहे. वाटणी करून केलेल्या कामासाठी ‘सहकार्य’ आणि एकत्रितपणे घडवलेल्या कामासाठी ‘सहयोग’ वापरीन, दोन्हींची व्याख्या पहिल्या प्रकरणातच देईन आणि ‘सहकार’ हा शब्द पूर्णपणे वगळीन. ‘परस्परांशी’ हा शब्द शक्य तेथे जोडीन. दोन शंका उरतात. ‘कोऑर्डिनेशन’साठी ‘समन्वय’ ठीक आहे का? आणि मूळ मजकुरात ‘शिक्षकाने आपल्या सोबत काम करणाऱ्या शिक्षकांकडून’ या अर्थी एक शब्द अनेकदा येतो, तेथे ‘सहकारी शिक्षक’ लिहिले तर चालेल का?

उत्तर (व्याकरणाचा अभ्यासक)

‘समन्वय’ अगदी योग्य. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच ‘तत्तु समन्वयात्’ असे सूत्र आहे आणि तेथे निरनिराळ्या वचनांचे तात्पर्य एकच आहे असे दाखवणे, हा त्याचा अर्थ आहे. आजच्या व्यवहारात विचारांऐवजी माणसे, वेळा आणि कामे यांचा मेळ घालणे, असा तो पसरला आहे. समन्वय साधणारा स्वतः ते काम करीत असलाच पाहिजे असे नाही, या एका गोष्टीमुळे तो इतर दोन शब्दांपासून सहज वेगळा राहतो. फक्त ‘समन्वय साधणे’ लिहावे. ‘समन्वय करणे’ चुकीचे नाही, पण कानाला खटकते.

‘सहयोग’विषयी एक सावधगिरी बाळगावी. देणगीच्या आवाहनांत ‘आपला सहयोग पाठवावा’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ पैसे असा असतो. पुस्तिकेत पालकांसाठी एखादे प्रकरण असल्यास तेथे हा शब्द एकटा सोडू नये, ‘सहयोगाने काम करणे’ असे पूर्ण लिहावे. आणि जेथे संज्ञेची गरज नाही, साधे वर्णन आहे, तेथे ‘मुले मिळून प्रश्न सोडवतात’ असे लिहावे. ‘मिळून’ या शब्दाला कोणत्याही व्याख्येची गरज पडत नाही.

‘सहकारी शिक्षक’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘माझे सहकारी’ असे नाम म्हणून वापरले की संदिग्धता राहत नाही, कारण तेथे माणसेच अभिप्रेत असतात. नामाच्या आधी विशेषण म्हणून आले की मात्र ‘सहकारी बँक’, ‘सहकारी दूधसंघ’ यांची रांग वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘शिक्षकाने आपल्या सहकाऱ्यांकडून’ असे लिहावे, ‘शिक्षक’ हा शब्द दुसऱ्यांदा आणूच नये. जेथे तो आणणे अपरिहार्य असेल तेथे ‘सोबतचे शिक्षक’ लिहावे. ‘सहशिक्षक’ मात्र टाळावे, कारण शाळांत मुख्याध्यापक वगळता इतर शिक्षकांचे ते पदनाम आहे. जाता जाता, पुस्तिकेत ‘साहाय्य’ हा शब्द येणार असेल तर तो असाच, ‘सा’ला आणि ‘हा’ला काना देऊन लिहावा. ‘सहाय्य’ हे रूप फलकांवर सर्वत्र दिसत असले तरी शुद्ध रूपे ‘साहाय्य’ आणि ‘साह्य’ हीच आहेत, आणि माणसाला ‘सहायक’ म्हणतात.